लॅपटॉप अचानक चालूच होईना, फराळाच्या सगळ्या ऑर्डरी आत अडकल्यात

गॅलरीतली_तुळस | गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पलीकडे फिरकत नाही, पण आज हात टेकले.

आमच्याकडे पुण्यात सिंहगड रोडला गुरुवार म्हणून, म्हणजे लाईनच्या दुरुस्तीसाठी, सकाळपासून लाईट नव्हती. चारच्या सुमारास आली, ट्यूब दोनदा फडफडली, परत गेली, परत आली. सहाला निवांत बसून लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, तर ढिम्म. ना पंख्याचा आवाज, ना स्क्रीनवर काही. पूर्ण मेलेला. काल रात्री अकरापर्यंत त्यावरच काम करत होते, मीच बंद करून झाकण लावलं होतं.

२०२१ साली घेतलाय, वॉरंटी कधीच संपली. मी घरून दिवाळीचा फराळ करून देते. या वर्षी १३७ घरं आहेत. कुणाला भाजणीची चकली, कुणाला बिनसाखरेचे लाडू, कुणी आगाऊ पैसे दिलेत, कुणाचा पत्ता मुलाच्या ऑफिसचा... सगळं एक्सेलमध्ये. २८ सप्टेंबरला एक प्रत छापली होती. त्यानंतरच्या साठेक ऑर्डरी फक्त त्या डब्यात आहेत. आणि १७ तारखेला वसुबारस.

नवरा म्हणतो व्होल्टेजने बोर्ड उडालं. साधारण किती खर्च येतो? आणि ऑर्डरी परत मिळतील का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

पेठी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५१

१३७ गिऱ्हाइकं आणि बॅकअप शून्य. धन्य आहे.

बाणेरची_बाणाई | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५८

पेठी, त्यांना आत्ता मीठ नकोय, तेही जखमेवर. तुळस, काळजी करू नकोस. लॅपटॉप बंद पडला म्हणजे आतली फाइल गेली असं नसतं. कुणीतरी नीट सांगेलच.

निवांत_नाना | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून मनात ६० आकडे मोजा. मग सोडा, चार्जर लावा आणि एकदाच साधं दाबा. माझा दोनदा असाच उठलाय. बॅटरी खालून निघणारी असेल तर आधी तीही काढा, पण २०२१ चा म्हणजे आतच असणार.

रुमाल | ९ ऑक्टोबर, रात्री ११:३४

ओल गेली असेल तर तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवून बघा. आमच्या भाच्याचा फोन वाचला होता.

कल्हईवाला | शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

तांदळाचं आधी बोलतो. तांदूळ शोषला तर डब्यातल्या हवेतली ओल शोषतो. चिपखाली शिरलेल्या पाण्यापर्यंत तो पोचत नाही. उलट त्याची भुकटी पोर्टात जाऊन बसते आणि ती मला ब्रशने काढावी लागते. भाच्याचा फोन तांदळाने नाही, रात्रभर बंद राहिल्याने वाचला.

तुळसताई, बावीस वर्षं बोर्डाला डाग देतोय. "काहीच होत नाही" हे वाक्य रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा काहीतरी होत असतं, माणूस घाबरल्यामुळे त्याला दिसत नाही. तेव्हा चहा घ्या आणि बघून सांगा. चार्जर लावल्यावर कडेचा छोटा दिवा लागतो का? कुठल्या रंगाचा? चार्जर गोल पिनचा आहे की टाइप-सी? बटण दाबल्यावर एखादा क्षण तरी पंखा हलतो का, कान लावून ऐका. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का? खोलीत अंधार करून स्क्रीनवर टॉर्च तिरपी मारली तर पुसट काही दिसतं का? कारण चालूच न होणं आणि चालू होऊन दिसत नसणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

हे कळेपर्यंत बोर्ड गेलं, डिस्प्ले गेला, असं कुणीही म्हणू नये. नवऱ्यानेसुद्धा.

तारतंत्री | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मी वायरिंगवाला, कॉम्प्युटरमधलं कळत नाही. पण व्होल्टेजचं नाव आलं म्हणून लिहितो. घरात आपल्याला २३० व्होल्ट मिळतात, ते एक फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये. दुरुस्तीनंतर लाईन जोडताना न्यूट्रल सैल राहिला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडल्यासारखी होतात. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात, आणि ज्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. मग टीव्ही, राउटर, फ्रिज, सगळं एका दमात जातं. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, थोडंफार वरखाली तो पचवतो. फारच झालं तर स्वतः मरतो, लॅपटॉप बहुधा वाचतो.

दोन प्रश्न. घरातलं आणखी काय बिघडलं? आणि लाईट आली त्या वेळी लॅपटॉप प्लगला होता का?

गॅलरीतली_तुळस | १० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

नाना, ६० काय १०० आकडे मोजले. नाही उठला.

कल्हईवाले दादा, तुमचं वाचून चार्जर लावून नीट बघितलं. दिवा लागतो! नारिंगी लागला आणि दोन तासांनी पांढरा झाला. काल घाबरून लक्षच दिलं नव्हतं, माफ करा. चार्जर गोल पिनचा. पंखा हलत नाही. कॅप्स लॉक नाही. टॉर्चने काही दिसत नाही.

तारतंत्री, बाकी घरात सगळं ठीक. फ्रिज, राउटर, मिक्सर चालू आहेत. आणि लॅपटॉप प्लगला नव्हताच, कपाटावर होता.

तारतंत्री | १० ऑक्टोबर, सकाळी ११:४१

मग व्होल्टेज आत शिरलं कुठून, हवेतून? महावितरणला या खटल्यातून वगळा. माझं काम संपलं.

कल्हईवाला | १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

हीच गोष्ट कालच्या पोस्टमध्ये हवी होती. नारिंगीचा पांढरा झाला, म्हणजे चार्जर ठीक, गोल पिनचा जॅक ठीक, बॅटरी चार्ज घेतेय आणि ती भरली हे ओळखणारा जीव आत जागा आहे. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, आम्ही नुसतं ईसी. लॅपटॉप बंद असला तरी हा वॉचमनसारखा बसलेला असतो. बॅटरी बघतो, दिवा लावतो, बटण दाबलं की आतल्यांना उठवतो. नानांचा ६० आकड्यांचा उपाय या वॉचमनसाठीच असतो. तो कधीकधी अडकतो, सगळी वीज काढून घेतली की नव्याने सुरू होतो. काही लॅपटॉपना त्यासाठी पाठीमागे टाचणीएवढं भोक असतं, त्यात पेपरक्लिप घालून दाबायची.

बोर्डात मुख्य सप्लायवर शॉर्ट असता तर उलट चिन्हं दिसली असती. चार्जर लावताच चार्जरवरचाच दिवा विझतो किंवा लुकलुकतो, कारण तो स्वतःला वाचवायला वीज तोडतो. तुमच्याकडे तसं काही नाही.

म्हणजे वॉचमन जागा आहे, पण बेल वाजली तरी उठत नाही. कारणं बरीच असू शकतात. बायोसची चिप (लॅपटॉप उठताना पहिला चालणारा प्रोग्राम जिच्यात असतो ती) बिघडली, रॅमची पट्टी हलली, पुढचा एखादा सप्लाय तयार होत नाही... किंवा मुळात बेलच वाजत नाहीये.

तुमचं पॉवरचं बटण कुठे आहे? कीबोर्डात की वेगळं?

एक_साधा_माणूस | १० ऑक्टोबर, दुपारी २:०२

थोडं अवांतर. माझा लॅपटॉप चालू होतो, पण महिनाभर टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय आणि झाकण नीट बसत नाही. यामुळे पुढे असंच होईल का?

कल्हईवाला | १० ऑक्टोबर, दुपारी २:१०

साधा माणूस, तुमचं अवांतर नाही, तातडीचं आहे. बॅटरी फुगलीय. आत्ता चार्जर काढा आणि बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका, लिथियम पेट घेते. दुकानात नेऊन काढून घ्या. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कशातच टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पेठी | १० ऑक्टोबर, दुपारी ३:३०

नाहीतरी १४ तारखेला विंडोज १० चा पाठिंबा संपतोय, दिवाळीच्या सेलही लागल्यात. नवा घ्या आणि मोकळ्या व्हा.

गॅलरीतली_तुळस | १० ऑक्टोबर, रात्री ९:४४

पेठी, माझ्याकडे ११ आहे. आणि नव्यात माझ्या साठ ऑर्डरी येणार आहेत का?

दादा, बटण कीबोर्डातच आहे. वरच्या रांगेत उजवीकडे शेवटचं, डिलीटच्या शेजारी. उद्या सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेते, दाखवून तर येते.

बाणेरची_बाणाई | १० ऑक्टोबर, रात्री १०:३०

माझा किस्सा सांगते. ऑफिसचा लॅपटॉप आठवडाभर मधेच काळा व्हायचा. आयटीवाल्यांनी दोनदा विंडोज टाकलं. शेवटी कळलं की मी हात टेकते तिथे फोन ठेवत होते, आणि फोनच्या कव्हरला चुंबक. झाकण लागलं हे लॅपटॉपला चुंबकानेच कळतं, त्याला वाटायचं झाकण लावलं, झोपा. एकावर एक दोन लॅपटॉप ठेवले तरी होतं म्हणे. तुझं हे नसेल, पण बोर्ड गेलं म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस एवढंच.

गॅलरीतली_तुळस | शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

जाऊन आले. तपासणीचे ५९० रुपये (५०० आणि वर जीएसटी). लॅपटॉप आत नेला, वीस मिनिटांनी बाहेर आणला. मदरबोर्ड बदलावं लागेल, २७,४०० रुपये, भाग यायला आठ ते दहा दिवस, डेटाची जबाबदारी आमची नाही. कशावरून बोर्ड गेलं असं विचारलं तर म्हणाले, "नो पॉवर आहे ना मॅडम." ते तर मीच सांगितलं होतं त्यांना!

कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको. पण रडू आलं खरं.

शून्य_एक | ११ ऑक्टोबर, दुपारी १:२०

त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. तिथे बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. नो पॉवर लिहिलं की यादीत पुढची ओळ मदरबोर्ड. पण तुमच्या गरजा दोन आहेत आणि त्या वेगळ्या करा. ऑर्डरी १७ च्या आत हव्यात. लॅपटॉप नंतर झाला तरी चालेल. मग आधी ऑर्डरी बाहेर काढू.

२०२१ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असते, सगळ्या फाइली तिच्यातच राहतात. च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूवर बसवलेली. (काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद.) खालचं झाकण उघडा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग एसएसडीचा स्क्रू. ती एका छोट्या केसिंगमध्ये घालून यूएसबीने दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची, पेनड्राइव्हसारखी दिसते. केसिंग घेताना एनव्हीएमईची मागा. सारखीच दिसणारी साटा या दुसऱ्या प्रकारची असते, त्यात ही चालत नाही. दोन्ही चालणारं मिळालं तर उत्तम.

आता महत्त्वाचं. तुम्ही विंडोजला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करता का?

गॅलरीतली_तुळस | ११ ऑक्टोबर, दुपारी १:३३

हो, ईमेल टाकूनच सुरू केला होता. का?

शून्य_एक | ११ ऑक्टोबर, दुपारी १:४८

कारण मग एसएसडी कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी. होम आवृत्तीतसुद्धा अशा वेळी विंडोज गुपचूप एन्क्रिप्शन चालू करतं. कुलपाची किल्ली बोर्डावरच्या सुरक्षा चिपमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये असते, म्हणून रोज आपल्याला जाणवत नाही. एसएसडी दुसरीकडे लावली, किंवा तुमचं ते २७ हजारांचं नवं बोर्ड टाकलं, की बिटलॉकर (विंडोजच्या या कुलपाचं नाव) ४८ आकडी रिकव्हरी की मागणार. लोक इथे डोक्याला हात लावतात आणि फॉरमॅट मारतात.

घाबरू नका. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. मोबाइलवरून खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकर कीज बघा. आकडे कागदावर उतरवा. दुसऱ्या लॅपटॉपने विचारलं की टाका, बस.

पेठी | ११ ऑक्टोबर, दुपारी २:१५

हे मलाही माहीत नव्हतं. आत्ताच माझी की उतरवून ठेवली. (आणि हो, बॅकअपही घेतला. हसू नका.)

निवांत_नाना | ११ ऑक्टोबर, दुपारी २:३०

केसिंग तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. मंडई मेट्रोला उतरून चालत जा. गाडी नेऊ नका, दिवाळीत लक्ष्मी रस्त्याला गाडी लावायला जागा शोधण्यात दुसरी दिवाळी येईल.

गॅलरीतली_तुळस | रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

मिळाल्या! मिळाल्या! सगळ्या १३७!

काल स्वारगेटपर्यंत बस, तिथून मेट्रोने मंडई, गल्लीतून केसिंग ११५० ला घेतलं. संध्याकाळी लेकाने झाकण उघडलं. त्याच्याकडे घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर निघाले, कधी घेतले देव जाणे. एसएसडी नवऱ्याच्या लॅपटॉपला लावली आणि शून्य_एक म्हणाले तसं हुबेहूब झालं, ४८ आकडे मागितले. ते आधीच कागदावर होते. नवरा आकडे वाचत होता, मी टाइप करत होते, पाचाच्या जागी सहा पडला म्हणून पहिल्यांदा नाही उघडलं, तेवढ्यात माझा जीव गेला होता.

एक्सेल आता तीन ठिकाणी ठेवलंय. शून्य_एक, तुमचे उपकार.

आता लॅपटॉपचं काय करू? दादा, तुम्ही बटणाबद्दल का विचारलं होतं?

कल्हईवाला | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१०

अभिनंदन. घाई संपली, आता मजा.

हल्ली बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत पॉवरचं बटण वेगळं नसतं, ते कीबोर्डाचंच एक बटण असतं. आत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यावर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या. बटण दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. ती वायरच्या रिबनने बोर्डाला जाते. बोर्डावर साधारण ३.३ व्होल्टची एक लाइन असते, बटण ती क्षणभर ग्राउंडला टेकवतं, वॉचमनला कळतं की बेल वाजली. एवढाच त्याचा पराक्रम. चांदीची ती केसाएवढी रेघ तुटली की २७ हजारांचं बोर्ड ठणठणीत असूनही लॅपटॉप मेलेला दिसतो.

म्हणून विचारतो. शेजारची डिलीट किंवा बॅकस्पेस नीट चालत होती का? आणि गेल्या पंधरा दिवसांत कीबोर्डावर पाणी, चहा, सॅनिटायझर काही? प्रामाणिकपणे सांगा, आम्ही दुकानात कुणाला रागवत नाही.

गॅलरीतली_तुळस | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:२५

अय्या, हो की! सोमवारपासून डिलीट अडत होतं. मी बॅकस्पेसने काम चालवत होते. पण पाणी-चहा शप्पथ नाही. लॅपटॉपजवळ मी पेलासुद्धा आणत नाही.

गॅलरीतली_तुळस | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५०

थांबा.

आत्ता जेवताना हा विषय निघाला. दसऱ्याला आम्ही पाटी, पुस्तकं, मिक्सर, नवऱ्याची स्कूटर, सगळ्यांची पूजा करतो. लॅपटॉपचीही. मी तेव्हा स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या मागे होते, पूजा साबांनी (सासूबाईंनी) केली. मी विचारलं, लॅपटॉपवर काय काय वाहिलंत? तर म्हणाल्या, "झाकण लावलेल्याची कसली पूजा? उघडला, फुलाने पाणी शिंपडलं, गंध-कुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. चालू करायचं बटण मुख्य ना, म्हणून त्यालाच ओलं कुंकू लावलं. नंतर पुसलंही मी, ओल्या फडक्याने."

बाणेरची_बाणाई | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५८

ओल्या फडक्याने!! 😂😂 साबांना साष्टांग.

तारतंत्री | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०१

आणि तीन दिवस आम्ही न्यूट्रल शोधतोय.

रुमाल | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पण दसरा २ तारखेला झाला, लॅपटॉप ९ ला बंद पडला. आठवडाभर कसा चालला मग? मला हे पटत नाही.

कल्हईवाला | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

रुमाल, शंका रास्त आहे. पाण्याने लगेच शॉर्ट झाला असता तर त्याच दिवशी काहीतरी दिसलं असतं. पण दोन पापुद्र्यांच्या मध्ये गेलेला थेंब सहज वाळत नाही, वारा लागत नाही ना. आणि हे नुसतं पाणी नव्हतं, त्यात गंध-कुंकू विरघळलेलं. त्या ओलीत चांदीची रेघ हळूहळू काळी पडते, खाल्ली जाते आणि एक दिवस तुटते. आधी डिलीट अडलं, मग शेजारचं पॉवर गेलं, हा क्रम मला पटतो. बुधवारी शेवटचा चालू झाला, गुरुवारी नाही. लाईट त्याच दिवशी गेली हा निव्वळ योगायोग, पण संशय सगळा तिच्यावर.

अर्थात हा अंदाज आहे. खात्री करायला दोन मिनिटं लागतात. चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्ड न बदलता दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि सांगा, कीबोर्डची रिबन काढून पॉवर स्विचच्या पिना चिमट्याने टेकवून बघा. बेंच सप्लाय (किती वीज जातेय ते आकड्यात दाखवणारं टेबलावरचं यंत्र) लावून अँपिअर किती ओढतो तेही बघायला सांगा. आणि समोर उभं राहून बघते म्हणा, चांगला कारागीर नाही म्हणत नाही. घरी चिमटा लावू नका, शेजारची चुकीची पिन टेकली तर खरंच बोर्ड जाईल.

गॅलरीतली_तुळस | मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

काल बुधवार पेठेत गेले होते. जिन्याखालचं दुकान, तिघे बसतील एवढी जागा, त्यात मायक्रोस्कोप. मुलगा पंचविशीचा असेल. मी दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो हसला, म्हणाला, "मावशी, तुम्ही लाइनमध्ये आहात का?"

झाकण उघडलं, रिबन काढली, सप्लाय लावला. आकडा जवळजवळ शून्य. चिमटा टेकवला. आकडा उड्या मारत वर गेला आणि पंखा फिरला! स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं. मी दुकानातच टाळ्या वाजवल्या.

कीबोर्ड १४००, मजुरी ७००. मजुरी जास्त वाटली, पण बघितल्यावर नाही वाटली. कीबोर्ड स्क्रूने नाही, प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या टिकल्यांनी बसवलेला असतो, पन्नासेक टिकल्या खरवडून काढल्या आणि नवा बसवून परत वितळवल्या. अडीच तास लागले. जुना कीबोर्ड मी मागून घेतला आणि घरी लेकाने पापुद्रा सोलला. पॉवरच्या बटणाखाली गुलाबी डाग आणि तिथे रेघ नाहीच, काळा ठिपका. साबांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नुसती अक्षता."

शून्य_एक | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

भारी. आता बायोसमध्ये शिरून एक बघा. काही लॅपटॉपांत झाकण उघडल्यावर किंवा चार्जर लावल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते. असेल तर लावून ठेवा, बटण पुन्हा रुसलं तरी दिवाळी अडणार नाही.

कल्हईवाला | १४ ऑक्टोबर, दुपारी १:३०

गुलाबी डागाचा फोटो इथे टाका, दुकानात लावतो. पोराने अँपिअर दाखवून काम केलं, नावाजण्यासारखा आहे. एक लक्षात असू द्या. हाच दिवा, हेच न उठणं, पण रॅममुळेही होतं. रॅम काढून तिची सोनेरी बाजू साध्या खोडरबराने पुसून परत लावली की कित्येक उठतात. आणि रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर काळी स्क्रीन राहू शकते, लॅपटॉप तिच्याशी नव्याने जुळवून घेत असतो. लोक दहा सेकंदांत धीर सोडून बटण दाबतात आणि पुन्हा पहिल्यापासून. डेलवाल्यांनी दिव्याचे ठोके मोजावेत. बऱ्याच मॉडेलांत २ नारिंगी, ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, आणि २ नारिंगी, ७ पांढरे म्हणजे स्क्रीनचा बिघाड.

गॅलरीतली_तुळस | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:००

फोटो टाकते. दादा, पत्ता संदेशात कळवा, अनारसे पाठवते.

कल्हईवाला | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

साखर आहे मला. चकली चालेल.

कोथरूडचा_पाहुणा | बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री ११:१२

याच धाग्यावर विचारतो, नवीन काढत नाही. माझाही आज अचानक बंद पडला. बटण दाबतो, काहीच होत नाही. बोर्ड गेलं असेल का?

पेठी | १५ ऑक्टोबर, रात्री ११:१४

चार्जर लावल्यावर दिवा लागतो का?